दहावं पुस्तक नको, आधी वही उघडा

प्रश्न : मी तीन वर्षांपासून घरून कापडी पिशव्या शिवून विकते. गेल्या दीड वर्षात पैसा आणि धंदा या विषयावरची नऊ पुस्तकं वाचली. वाचताना अंगात हत्तीचं बळ येतं, पंधरा दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता दुकानदारांच्या मोठ्या ऑर्डरी येतात. विक्री गेल्या वर्षीच्या दीडपट झाली, पण दुकानदार माल पोचल्यावर दीड महिन्याने पैसे देतात आणि महिनाअखेरीस माझ्या हातात काही उरत नाही. क्रेडिट कार्डावर एक लाखाची थकबाकी आहे, व्याज महिना ३ टक्के. दरमहा किमान रक्कम तेवढी भरते. एक पुस्तक म्हणतं कर्ज काढून धंदा वाढवा, दुसरं म्हणतं कर्जाला हात लावू नका. मला आणखी दोन यंत्रांसाठी कर्ज काढायचं आहे. यजमान म्हणतात, पुस्तकांनी तुझं डोकं फिरवलंय. खरंच पुस्तकांनी पैशाकडे बघण्याची दृष्टी बदलते का?

उत्तर : ताई, कर्जाचं आधी सांगतो. आत्ता काढू नका. तीन महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारा. तोवर कोणते आकडे हातात हवेत, ते शेवटी लिहिलं आहे.

आता पुस्तकांबद्दल. दृष्टी बदलते, आणि तुमची थोडी बदललेलीही आहे. थकबाकी किती आणि व्याज किती, हे तुम्ही पत्रात न विचारता नेमकं लिहिलंत. कार्डाचं बिल न उघडता कप्प्यात टाकणारी माणसं खूप असतात. तुम्ही आकड्याकडे बघायला शिकलात, ही पुस्तकांची कमाई आहे. ती कमी लेखू नका.

पण पंधरा दिवसांनी बळ ओसरतं, तो तुमच्या स्वभावाचा दोष नाही. २०१४ साली तीन अभ्यासकांनी आर्थिक शिक्षणावरचे १६८ शोधनिबंध एकत्र तपासले. लोकांच्या पैशाच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का या शिक्षणाने समजावता येत होता आणि शिकलेल्याचा परिणाम काळाबरोबर विरत होता. २०२२ साली ७६ प्रयोगांचा असाच एकत्रित अभ्यास झाला, त्यात चित्र बरंच आशादायक निघालं. म्हणजे शिकणं वाया जातं असं नाही. पण पहिल्या अभ्यासातली एक सूचना तुमच्या फार कामाची आहे: शिकणं निर्णयाच्या तोंडावर असावं. निवृत्तीच्या गुंतवणुकीवरचं प्रकरण आज वाचलं आणि तो निर्णय सहा वर्षांनी घ्यायचा असेल, तर तोवर त्यातलं काय हाताशी राहणार? उलट उद्या दुकानदाराला दर सांगायचा आहे आणि आज रात्री किमतीवरचं प्रकरण वाचलं, तर ते अंगी लागतं. तुमची नऊ पुस्तकं एकामागून एक वाचली गेली, पण त्यांतलं एकही एखाद्या ठरलेल्या निर्णयाला बांधलेलं नव्हतं.

म्हणून पुढचे तीन महिने नवं पुस्तक नको. आहेत त्यांतलं सगळ्यांत कमी भारावून टाकणारं आणि सगळ्यांत जास्त गणितं असलेलं एक निवडा, बाकीची वर ठेवून द्या. पुस्तकाशेजारी वही हवी.

वहीत पहिलं काय लिहायचं, याचं उत्तर पाचशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात आहे. लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये गणिताचा मोठा ग्रंथ छापला. तिथले व्यापारी दुहेरी नोंदीने, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहून, हिशेब ठेवत, ती पद्धत त्याने त्यात समजावून दिली. त्या पद्धतीची सुरुवात स्फूर्तीच्या शब्दांनी होत नाही, यादीने होते. आपल्याकडे काय आहे, कोणाकडून किती येणं आहे, कोणाचं किती देणं आहे, ते एका दिवसात सगळं लिहून काढा. मग तीन वह्या: कच्ची नोंदवही, रोजकीर्द (तारीखवार नोंदींची) आणि खतावणी (खातेवार नोंदींची). धंद्याच्या वहीत मालकाने घातलेलं भांडवल हेही वेगळं खातं. या एका गोष्टीने दृष्टी जितकी बदलते, तितकी दुसऱ्या कशाने बदलत नाही असं आमचं ठाम मत आहे. धंदा वेगळा आणि मी वेगळी, हे कागदावर दिसू लागलं की ‘गल्ल्यातले पैसे म्हणजे माझे पैसे’ हा समज आपोआप गळून पडतो.

तुम्हाला तीन वह्यांची गरज नाही. एकाच वहीत डाव्या पानावर रोजची आवक-जावक, उजव्या पानावर येणी आणि देणी, एवढं पुरे. नोंद त्याच दिवशी करायची. आठवड्याने आठवून लिहायला बसलं की लहान खर्च हमखास निसटतात: धागा, सुई, ने-आणीचं भाडं. ‘कुठे जातात कळत नाही’ म्हणतो ते पैसे बहुतेक वेळा हेच असतात. वेळ ठरवताना ‘रोज संध्याकाळी’ असं मोघम ठरवू नका, ते टिकत नाही. ‘यंत्रावर कापड झाकलं की लगेच वही’ अशी एखाद्या ठरलेल्या कृतीला गाठ मारा.

आता एक पिशवी हातात घेऊ. विक्री किंमत १०० धरा. तुमचे खरे आकडे वेगळे असतील, रीत हीच. कापड ३८. अस्तर, चेन, बंद आणि धागा मिळून ९. वेष्टन ४. पोचवण्याचा खर्च ८. विक्रीवरचं कमिशन ६. एकूण ६५. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, ३५ सुटले. पण ते ३५ नफा नाहीत. ही पिशवी बाहेर शिवायला दिली असती तर मजुरी किती पडली असती? २२ धरा. तेवढं तुम्ही स्वतःला देणं लागता. उरले १३. वीज आणि यंत्राचा घसारा ४. उरले ९. वीस पिशव्यांमागे एक कापण्यात चुकते किंवा परत येते, तिचा भार प्रत्येक पिशवीवर सुमारे ३. उरले ६.

शंभरातले सहा. आता दुकानदार म्हणाला, ‘मोठी ऑर्डर आहे, दहा टक्के कमी करा,’ आणि तुम्ही हो म्हणालात, तर दहा गेले. कमिशन किंचित कमी होईल, पण प्रत्येक पिशवीमागे तीन-साडेतीन तुमच्या मजुरीतून जातील. ऑर्डर जितकी मोठी, तितकी तूट मोठी. विक्री दीडपट होऊन हात रिकामा राहण्याचं पहिलं कारण इथे असू शकतं.

हेच गणित उलटं फिरवून बघा. किंमत १०८ केली तर वाढलेल्या आठातला सुमारे अर्धा रुपया कमिशनात जाईल, साडेसात तुमच्याकडे येतील. मजुरी आणि नफा मिळून आधी २८ सुटत होते, आता साडेपस्तीस. शंभर पिशव्यांचे आधी २,८०० होत होते. दर वाढला म्हणून १५ गिऱ्हाइकं गेली, तरी ८५ पिशव्यांचे ३,००० होतात, आणि १५ पिशव्या शिवायचे कष्ट वाचतात. दर वाढवायला धीर हवा, असं अनेक पुस्तकं सांगतात. तो धीर या बेरजेतून येतो. पुस्तकातलं वाक्य पाठ करून दुकानदारासमोर उभं राहिलात तर त्याच्या पहिल्याच प्रश्नाला आवाज बसेल. ६ हा आकडा माहीत असेल तर नाही बसणार.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि पैशावरच्या बऱ्याच लोकप्रिय पुस्तकांत त्यावर पुरेसं लिहिलेलं नसतं, कारण ती पगारदार वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. नफा आणि रोकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कापड आणल्यापासून कात्रीखाली येईपर्यंत २० दिवस धरा. शिवून पोचवेपर्यंत १०. दुकानदार पैसे देईपर्यंत ४५. झाले ७५. कापडवाला १५ दिवस थांबत असेल तर उरले ६०. म्हणजे कापडात घातलेला प्रत्येक पैसा दोन महिने बाहेर असतो. विक्री महिना १,००,००० असेल तर मालाचा खर्च, म्हणजे कापड, अस्तर वगैरे आणि वेष्टन मिळून, ५१,०००. दोन महिन्यांचे १,०२,००० कायम अडकलेले. विक्री दीडपट झाली की अडकलेली रक्कमही दीडपट: १,५३,०००. मधले ५१,००० कुठून आले? नफ्यातून येणं शक्य नव्हतं, तो शंभराला सहा. कार्डाची जुनी बिलं काढा आणि त्यांतली कापडाची खरेदी किती, ते मोजा. थकबाकीतला मोठा वाटा तिथे सापडला तर नवल वाटायला नको.

तसं असेल तर दोन यंत्रं हा त्यावरचा इलाजच नाही. यंत्रं आली की शिवण्याचे १० दिवस फार तर ६ होतील. दुकानदाराचे ४५ तसेच राहतील, माल वाढेल आणि अडकणारी रक्कम आणखी फुगेल. इलाज येण्याच्या बाजूला आहे. पुढच्या ऑर्डरीपासून निम्मी रक्कम आगाऊ मागा. १०० च्या पिशवीवर ५० आगाऊ मिळाले की ५१ चा मालाचा खर्च जवळपास निघाला. ‘जमणार नाही’ म्हणणारे असतील. त्यांना दुसरा पर्याय द्या: माल पोचताच पैसे दिले तर २ टक्के सूट. ही सूट देण्याआधी आपल्या ६ मधून २ वजा होताहेत, हे वहीत लिहून बघा. म्हणजेच आधी दर सुधारायचा, मग सूट. क्रम उलटा केलात तर पुन्हा तिथेच याल. जो आगाऊही देत नाही, पोचल्यावरही देत नाही आणि ४५ चे ६० दिवस करतो, त्याची ऑर्डर कितीही मोठी असली तरी लहान करा.

आता कार्ड. यात उशीर नको. १,००,००० वर महिना ३ टक्के म्हणजे ३,००० व्याज. किमान रक्कम ५ टक्के असेल तर तुम्ही ५,००० भरता, त्यातले ३,००० व्याजात जातात आणि मुद्दल २,००० ने उतरतं. पुढच्या महिन्यात थकबाकी कमी, म्हणून किमान रक्कमही कमी. असं घसरत्या रकमेने भरत राहिलात तर सुमारे ३४ महिन्यांनी थकबाकी फक्त निम्मी झालेली असेल. त्याऐवजी ५,००० हाच आकडा धरून ठेवला, किमान रक्कम कितीही कमी होऊ दे, तर ३१ महिन्यांत संपूर्ण कर्ज फिटतं. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे भरणा तोच. ८,००० भरता आले तर १६ महिने. यातला कोणताही आकडा खरा ठरायचा तर कार्डावर नवी खरेदी शून्य हवी, कारण एक खरेदी हे सगळं वेळापत्रक मोडते. कार्ड कापून टाका असं नाही, पण ऑनलाइन खरेदीच्या जागी साठवलेला त्याचा क्रमांक आजच काढून टाका.

दोन पुस्तकं एकमेकांविरुद्ध का बोलतात, तेही इथेच उलगडतं. कर्जाने वाढा म्हणणारा लेखक असा धंदा डोळ्यांसमोर ठेवतो, जिथे घातलेला पैसा व्याजापेक्षा जास्त कमावतो. हात लावू नका म्हणणारा असं घर डोळ्यांसमोर ठेवतो, जिथे कर्ज खर्चात विरघळतं. दोघंही आपापल्या वाचकापुरते बरोबर असतात. तुमच्याकडे आज वर्षाला ३६ टक्क्यांहून जास्त दराने वाढणारं देणं आहे. ते फेडणं म्हणजे तेवढ्या दराची खात्रीची कमाई. तुमच्या धंद्यात, किंवा नऊ पुस्तकांतल्या कोणत्याही गुंतवणुकीत, इतकी खात्री नाही.

पुस्तक हाती घेताना त्याचीही थोडी उलटतपासणी करत चला. कधी लिहिलं? कोणत्या देशातल्या कायद्यांवर आणि करांवर बेतलेलं आहे? लेखकाची कमाई तो सांगतो त्या मार्गाने झाली, की तो मार्ग सांगण्यातून? कमाईचा दहावा हिस्सा आधी बाजूला काढा, ही आज जगभर पोचलेली शिकवण जॉर्ज क्लेसनने १९२६ पासून बोधकथांच्या छोट्या पुस्तिकांमधून मांडली, आणि त्या पुस्तिका बँका आणि विमा कंपन्या आपल्या ग्राहकांना वाटत असत. शिकवण चांगलीच आहे. पण लोकांनी बचत करावी यात वाटणाऱ्यांचंही हित होतं, आणि डोक्यावर महिना ३ टक्क्यांचं देणं असलेल्याने आधी ते फेडावं, हे त्या एका नियमात येत नाही. बेंजामिन ग्रॅहमचं गुंतवणुकीवरचं पुस्तक १९४९ चं. चुकीला जागा राहील इतकं अंतर ठेवून खरेदी करा, हे त्यातलं तत्त्व आजही तसंच लागू आहे, पण त्यातली उदाहरणं त्या काळच्या रोख्यांची. तत्त्व घ्यायचं, आकडे आपले घालायचे. आणि जिथे फक्त यशस्वी माणसंच भेटतात, तिथे एक प्रश्न समासात लिहा: हेच करून जे बुडाले, ते कुठे आहेत? श्रीमंत झालेल्या शंभर जणांनी जोखीम घेतली होती एवढ्यावरून जोखीम घेणारा श्रीमंत होतो असं निघत नाही. कर्ज काढून गुंतवणूक करा म्हणणारं किंवा शेवटी महागड्या शिबिराकडे नेणारं पुस्तक असेल, तर त्याचं उरलेलं वाचन थांबवलं तरी नुकसान नाही.

निवडलेल्या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण संपलं की वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहा: लेखक काय म्हणतो, ते कोणत्या अटीवर खरं आहे, माझा त्यातला आकडा काय, आणि मी काय करणार, कोणत्या तारखेला. चौथी ओळ पूर्ण होईपर्यंत पुढचं प्रकरण नाही. ज्या प्रकरणातून चौथी ओळ निघतच नाही, त्याने फक्त बरं वाटलं. बरं वाटणं वाईट नाही, पण त्याला अभ्यास म्हणू नका. वाचताना काहीतरी साधल्याचं समाधान मिळतं आणि ते समाधान खऱ्या कामाची भूक मारतं, हा या वाचनातला सगळ्यांत मोठा धोका.

घर आणि धंदा यांची दोन बँक खाती आठवडाभरात वेगळी करा. विक्रीचे पैसे धंद्याच्या खात्यात, आणि तिथून ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तुमच्या मजुरीची म्हणून घरच्या खात्यात. काही पुस्तकं आवकेचे तयार टक्के देतात: इतके नफ्याचे, इतके करांचे. ते पहिल्याच महिन्यात जसेच्या तसे लावू नका. शंभराला सहा सुटणाऱ्या धंद्यातून दहा टक्के नफा बाजूला काढला, तर तिसऱ्या आठवड्यात कापडाला पैसे नसतात आणि तो परत काढावा लागतो. दोनदा असं झालं की माणूस पद्धतच सोडून देतो. एक टक्क्याने सुरू करा, दर सुधारला की वाढवा. घरून धंद्याला किंवा धंद्यातून घराला पैसे उसने गेले, तर ती उसनवारी तारखेसह लिहा. कराची रक्कम मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी.

यजमानांबद्दल थोडं. डॅनियल काहनमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, आणि पुढे पुष्कळ तपासलं गेलं, की मिळालेल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं. तुम्ही पुस्तकातला नफा बघून बोलता, ते घरातला तोटा बघून ऐकतात. त्यांना पुस्तकातली वाक्यं ऐकवू नका. वही द्या. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बसून त्यांनी फक्त बेरजा तपासायच्या, सल्ला द्यायचा नाही, एवढंच मागा. आणि एक प्रश्न मनापासून विचारा: ‘या धंद्यात किती रक्कम बुडाली तर तुमची झोप उडेल?’ ते जो आकडा सांगतील, तो धंद्यात घालायच्या घरच्या पैशाची मर्यादा समजा. त्यांची भीती म्हणजे मागासलेपणा नव्हे. तुमच्या हिशेबात आजवर न आलेली ती एक नोंद आहे.

आता यंत्रांचं कर्ज. तीन महिन्यांनी वहीत हे दिसायला हवं: सलग तीन महिने मजुरी ठरल्या तारखेला घरी आली, कार्डावर नवी खरेदी झाली नाही, आणि अडकणारे ६० दिवस ३० च्या आत आले. मग एक हिशेब मांडा. नव्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाची मजुरी देऊन महिन्याला २०० पिशव्या होत असतील, तर ६ प्रमाणे सुटतात १,२००. दर सुधारल्यावर साडेतेरा प्रमाणे २,७००. कर्जाचा हप्ता यातल्या निम्म्याहून जास्त नको, कारण एखाद्या महिन्यात ऑर्डर निम्म्यावर येतेच. पहिल्या आकड्यावर हप्ता बसत नसेल आणि दुसऱ्यावर बसत असेल, तर आधी दर वाढवा. यंत्रही एकच घ्या. त्यावर सहा महिने पुरेसं काम राहिलं तर दुसऱ्याचं बघू.

आज रात्री मात्र फक्त यादी. त्यातली येणी आधी लिहा, दुकानदारवार, तारखेसह. ४५ दिवस उलटून गेलेली नावं वर काढा आणि उद्या सकाळी पहिला फोन त्यांना करा.